हिरव्या पुस्तकाची छावणी

बांधकामाच्या साइटवर राडारोडा किती निघाला, त्यातला किती परत वापरला, किती बाहेर टाकला, याचा हिशेब ठेवायचा नियम आहे. किस्से किती निघाले, याला मात्र कुठेच रकाना नाही! त्यामुळे ते आपले साठत जातात. मग जुनं कुणीतरी भेटतं, चहा येतो, आणि "मॅडम, तो ताडाचा सांगा ना," अशी फर्माईश होते. झालं! पुढचा तासभर कामाचं नाव नाही.

मी सावे. सिव्हिल इंजिनियर. गाव चिखले, पण वाढले डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, कारण बाबा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. लष्कराच्या बांधकाम खात्यात मला नोकरी लागली तेव्हा आई दोन दिवस रडली. तिला वाटलं, पोरगी आता थेट बर्फात जाणार. आणि मला पहिलं मोठं काम मिळालं ते कुठे? गंजाडच्या पुढे, तलासरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. घरापासून तासाभरावर! आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग डबा घेऊन जा."

तिथे जवानांसाठी एक छोटी प्रशिक्षण छावणी बांधायची होती. लष्करी इमारती पर्यावरणाला धरून कशा बांधायच्या, याची नवीन मानकं तेव्हा आली होती. वीज कमी, पाणी कमी, सामान जवळचं, झाडं शक्यतो तोडायची नाहीत, सांडपाणी साफ करून परत वापरायचं, भूकंप-वादळात इमारत उभी राहिली पाहिजे... असं बरंच काही. हे सगळं एका जाडजूड पुस्तकात होतं आणि त्याचं कव्हर हिरवं होतं. म्हणून ते 'हिरवं पुस्तक'. त्यातल्या शब्दाला धरून बांधायची आमच्या विभागातली पहिली छावणी आमची. जमलं, तर पुढच्या बराकी तशा होणार. नाही जमलं, तर जवान पुन्हा पत्र्याखाली भाजून निघणार!

आम्ही चौघं होतो. मेजर नायर आमचे प्रमुख. केरळचे, मराठी शिकायची जबरदस्त हौस. वाक्य कुठलंही असो, शेवटी 'आहे' जोडलं की मराठी झालं, असा त्यांचा ठाम समज. "मॅडम, चला, चहा पिऊया आहे!" दुसरे सुभेदार रतनसिंग, राजस्थानचे, मिशी अशी की बोलण्याआधी ती हलायची. तिसरा कंत्राटदाराचा सुपरवायझर जिग्नेशभाई, गुजरातेतल्या उंबरगावचा. गुजराती, मराठी आणि हिंदी तिन्ही भाषा त्याच्या एकाच वाक्यात सुखाने नांदायच्या. आणि चौथी मी. पर्यावरणपूरक इमारतींचं आमचं ऑफिस मात्र पत्र्याच्या शेडमध्ये. पंखा होता. हवा नव्हती.

*

पहिली भानगड झाली ताडावरून.

नकाशावर परेड ग्राउंड आखलं आणि बघतो तर काय, एक उंच ताड बरोबर मधोमध! सुभेदारांनी लगेच हात झटकले. "साब, परेड के बीच में पेड़? फौज में ऐसा नहीं होता."

मेजरसाहेबांनी हिरव्या पुस्तकावर बोट आपटलं. "आता होणार आहे!"

ताड राहिला. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर एक म्हातारे गृहस्थ हजर. कमरेला कोयती, हातात मडकं. शेजारच्या पाड्यावरचे शिडवाकाका. पहाऱ्यावरच्या जवानाने अडवलं.

"कहाँ जाना है?"

"झाडावर."

आता आली का पंचाईत! जमीन सरकारने घेतली होती, रीतसर घेतली होती, पण त्या ताडावर कोण चढतं हे कुणी विचारलंच नव्हतं. शिडवाकाका तरुणपणापासून त्याची ताडी काढत आले होते. सुभेदार म्हणाले, बाहेरचा माणूस आत सोडता येणार नाही. शिडवाकाका म्हणाले, "मी कुठे आत येतोय? मी वर जातोय."

मेजरसाहेबांनी मान वर करून ताडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाड ठेवलं आहे. मग झाडाचा माणूसपण ठेवायचा आहे!"

रीतसर पास बनवायला घेतला. नाव लिहिलं, गाव लिहिलं. 'येण्याचं कारण' इथे जवान अडला. ताडी लिहायची त्याची हिंमत होईना. शेवटी त्याने लिहिलं, 'ऊपर जाना'.

सुभेदारांनी पास वाचला आणि त्यांची मिशी ताठ झाली. "अरे, क्या लिखता है! 'ऊपर जाना और नीचे आना' लिख!"

*

हिरव्या पुस्तकात असं होतं, की सामान जवळून आणलं तर गुण जास्त. आम्ही विटा गुजरातच्या हद्दीतून आणायचो, कारण तीच भट्टी सगळ्यात जवळ होती. मध्येच दिल्लीहून एक परीक्षक आले. बिलावर गुजरातचा पत्ता दिसला मात्र, त्यांनी चष्मा खाली घेतला.

"हे तर दुसऱ्या राज्यातून आलंय. लोकल कसं म्हणता?"

मी नकाशा उघडला, अंतर दाखवलं. साहेब काही पटवून घेईनात. राज्य वेगळं म्हणजे वेगळं! गुण जाणार, अशी लक्षणं दिसायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यात उभा असलेला जिग्नेशभाई पुढे आला. हात जोडून, अगदी अदबीने.

"साहेब, एक पूछूं? मी उंबरगावचा. माझी बायडी तलासरीची. वरात टेम्पोतून गेली नि संध्याकाळच्या जेवणाला परत घरी."

"बरं, मग?"

"मग साहेब, आमची पोरं लोकल का इम्पोर्टेड?"

साहेब हसले नाहीत. खूप प्रयत्नाने हसले नाहीत! पण विटा लोकल झाल्या.

*

खरी लढाई झाली खिडक्यांवरून.

हिरवं पुस्तक म्हणत होतं, खिडक्या मोठ्या, समोरासमोर, वारा आरपार गेला पाहिजे. सुरक्षेचं पुस्तक वेगळं. ते म्हणत होतं, खिडक्या लहान, उंचावर, त्याही मोजक्याच. ते पुस्तक घेऊन एक तरुण कॅप्टन आला. हुशार मुलगा, इस्त्री कडक, एक मुद्दा सोडायला तयार नाही.

मेजरसाहेबांनी वाद घातलाच नाही. "बरोबर आहे. सुरक्षा पहिली आहे. दोन खोल्या नमुना म्हणून बांधूया आहे. एक तुमच्या पुस्तकाची, एक माझ्या."

दोन्ही खोल्या उभ्या राहिल्या. कॅप्टनला फोन गेला, मीटिंगला या. ऑक्टोबरचा महिना, दुपारची वेळ, उन्हाने डोंगरावरचं गवत पिवळं पडलेलं. मीटिंग ठेवली होती लहान खिडकीच्या खोलीत!

साहेबांनी सुरुवात केली पायापासून. मग जोतं. मग प्लंबिंग. ड्रेनेजच्या पाइपांवर तर ते असे रंगले, की मलाच वाटलं आता माणूस गाणं म्हणतो की काय! कॅप्टनची इस्त्री हळूहळू उतरत गेली. कॉलर ओली, मग पाठ ओली. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "आता आपण रंगकामावर येऊया आहे."

"सर," कॅप्टन म्हणाला, "खिड़की पर आते हैं."

"तो तर शेवटचा मुद्दा आहे."

"सर, प्लीज़!"

मधला मार्ग निघाला. खिडक्या मोठ्या, मजबूत जाळी, आणि बाहेरून दिसू नये म्हणून पुढे विटांची जाळीदार भिंत. दोन्ही पुस्तकांचं समाधान झालं. कॅप्टन जाताना दुसऱ्या खोलीत, मोठ्या खिडकीसमोर, शर्टाची बटणं उघडून पाच मिनिटं उभा होता. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

*

जवान राहायला आल्यावर पुस्तकाप्रमाणे एक सर्वेक्षण करायचं होतं. राहणाऱ्यांना गरम होतं की गार, उजेड पुरतो की नाही, मोकळेपणाने विचारायचं. त्यासाठी पुण्याहून इरा नावाची आर्किटेक्ट आली. उत्साही मुलगी, पाठीवर सॅक, गळ्यात तापमान मोजायचं यंत्र.

सुभेदारांनी तिच्या सोयीसाठी सगळ्या जवानांना ओळीत उभं केलं. भर मे महिन्यात, उन्हात!

इराने पहिल्याला विचारलं, "बराक में गर्मी लगती है?"

"नहीं, मैडम!" गर्जना अशी, की ताडावरचे कावळे उडाले.

दुसरा, "नहीं, मैडम!" तिसरा, तसंच. रांगच्या रांग सुखी! इरा माझ्या कानात कुजबुजली, "अहो, असा शंभर टक्के निकाल मी जाहीर केला तर लोक मला नोकरीवरून काढतील."

मग मी तिला म्हटलं, एकेकट्याला सावलीत बोलव. सुभेदारांना मी चहाला नेलं. इराने एका कोवळ्या जवानाला झाडाखाली बसवलं, सरबत दिलं, ताईसारखं समजावलं. "हे बघ, कुणाला सांगणार नाही. अगदी खरं सांग. आतमध्ये तुला गरम वाटतं, की गार वाटतं?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. तिच्याकडे वाकला. हळूच विचारलं,

"मैडम, ऑर्डर क्या है?"

*

वीज वाचवायला आम्ही कोठाराच्या आतल्या बोळात सेन्सरचे दिवे लावले होते. माणूस हलला की दिवा लागणार, हालचाल नसली की आपोआप बंद. माझी आवडती वस्तू! येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती दाखवायचे.

उद्घाटनाच्या आधी ब्रिगेडियरसाहेब पाहणीला आले. सगळं आवडत होतं. आम्ही बोळाच्या तोंडाशी आलो. आत मिट्ट काळोख. मी ऐटीत म्हटलं, "सर, आत कुणी नाही, म्हणून दिवे बंद आहेत. एक युनिटसुद्धा वाया जात नाही!"

ब्रिगेडियरांनी पाऊल आत टाकलं. दिवे लागले. आणि समोर, त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर, सहा फुटी जवान सावधान उभा! हातात बंदूक, नजर समोर, पापणीसुद्धा हलत नव्हती. साहेब दचकून माझ्या पायावर आले.

तो बिचारा सकाळपासून तिथे पहाऱ्यावर होता. इतका शिस्तीत उभा, की सेन्सरला तो भिंतच वाटला!

मेजरसाहेब घशातल्या घशात खाकरले. ब्रिगेडियरांनी जवानाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग जवानाच्या खांद्यावर थाप मारली.

"शाबाश! मशीन को भी पता नहीं चला!"

त्याला बक्षीस मिळालं. मला सेन्सर बदलायची नोटीस!

*

सांडपाणी साफ करायला आम्ही छावणीच्या मागे खडी-वाळूचे वाफे केले होते आणि त्यात कर्दळ लावली होती. कर्दळीची मुळं पाणी साफ करतात. आमची कर्दळ अशी फोफावली, की विचारू नका! लाल, पिवळी, केशरी. कासा गावच्या बाजाराला जाणाऱ्या बायका जीप थांबवून बघायच्या.

सुभेदारांनी छावणीतलं छोटं मंदिर स्वतः मांडलं होतं. रोज सकाळी अंघोळ करून, अनवाणी, ताट भरून फुलं वाहायचे. एक दिवस मी नीट पाहिलं. सगळी फुलं कर्दळीची! आणि त्या वाफ्यात पाणी कुठून येतं, हे सुभेदारांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी धावत मेजरसाहेबांकडे. "सर, आता तुम्हीच सांगा त्यांना."

"मी नाही आहे," साहेब म्हणाले. पण गेले. समजावलं. पाणी कुठून येतं, मुळातून कसं जातं, शेवटी कसं स्वच्छ निघतं, सगळं. सुभेदार ताट हातात धरून ऐकत होते. मिशी अजिबात हलली नाही. मला वाटलं, आता वाफे उपटतात.

"साब," त्यांनी शांतपणे विचारलं, "आख़िर में पानी साफ़ निकलता है?"

"एकदम."

"तो हम लोगों से तो फूल ही अच्छे निकले," असं म्हणून ते मंदिराकडे चालू लागले.

*

लष्करात माणसं जमतात तीच मुळी पांगायला. छावणी उभी राहिली, पुस्तकात पास झाली, आणि वर्षभरात एकेकाची बदली सुरू झाली. आता मी पुण्याच्या ऑफिसात एसीखाली बसते आणि इतरांच्या छावण्यांचे नकाशे तपासते. जिग्नेशभाई वाढदिवसाला न चुकता फोन करतो. सुभेदार निवृत्त होऊन गावी गेले. पण ती पत्र्याची शेड, दुपारचे चार डबे, आईने दिलेली सुक्या बोंबलाची चटणी आणि ती बघून तोंड फिरवून बसणारे सुभेदार... एसीत बसून हेच आठवत राहतं.

सगळ्यात आधी गेले मेजरसाहेब. निरोपाला चहा-भजी होती. कुणीतरी म्हणालं, साहेब, दोन शब्द मराठीत! साहेब उभे राहिले. इकडे तिकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढला, परत ठेवला. आणि एकच वाक्य बोलले.

"मी जातो आहे."

नको त्या दिवशी नेमकं त्यांचं 'आहे' बरोबर जागी पडलं होतं.

*

आणि हा एक किस्सा आहे, जो मी चहाच्या वेळी सांगत नाही. आज सांगते.

बराकी बांधून झाल्या होत्या, जवान अजून यायचे होते, त्या मधल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या भागात तेव्हा जमिनीचे धक्के बसायचे. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला सांगायला नको. भांडी वाजायची, भिंतींना चिरा पडायच्या, लोक घरं सोडून मोकळ्यावर राहायला आले होते. शेजारच्या पाड्यावरची माणसं छावणीलगतच्या माळावर तंबूंत होती. उन्हाने तंबू असे तापायचे, की आत हात घालवत नव्हता.

त्या माळावर जेठीआजी होत्या. डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवणारं त्यांचं कुटुंब. त्यांची सून नुकतीच बाळंत झालेली. तंबूत ते एवढंसं बाळ उन्हाने लालबुंद होऊन रडायचं, आणि एक दिवस त्याने रडायचंही सोडलं. नुसतं पडून राहायचं. डॉक्टर येऊन सांगून गेले, याला गारव्यात ठेवा.

मेजरसाहेब म्हणाले, बराक रिकामी आहे, उघडून द्या. मी स्वतः किल्ली घेऊन गेले. आत खरोखर गार होतं, त्या मोठ्या खिडक्यांतून वारा येत होता. पण माळावरचं कुणी हलेना. छप्पर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर चिरा यायच्या. मी सांगितलं, ही इमारत धक्के सोसायला बांधली आहे, एकेक खांब मी तपासलाय. सगळे ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. सून बाळाला पदराने वारा घालत खाली बघत राहिली.

जेठीआजी सगळ्यांना एकेरीत बोलायच्या. मेजरलाही. त्यांनी मला विचारलं, "तू बांधलंस हे घर?"

"हो, आजी."

"मग तू निज ना आत. आम्ही बघतो."

मेजरसाहेब काही बोलणार होते. मी त्यांच्याकडे न बघता आत गेले.

लोखंडी खाटा नुकत्याच आल्या होत्या, गाद्या यायच्या होत्या. मधल्या खाटेच्या पट्ट्यांवर आडवी झाले. ऐन दुपार. खिडकीतून मला ते सगळे दिसत होते, ओळीने उभे, माझ्याकडे बघणारे. घरी आई असेल, तिला यातलं काहीच माहीत नाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं. आकडे आठवायचा प्रयत्न केला. खांबांचे, सळ्यांचे, मीच लिहिलेले. एकही आठवेना.

आणि धक्का बसला.

आधी खालून गुरगुरल्यासारखा आवाज. मग खाट सरकली. वरची ट्यूबलाइट डुलायला लागली, दरवाजा खडखडला, बाहेर बायका ओरडल्या. मेजरसाहेबांची हाक ऐकू आली, "मॅडम, बाहेर या!" मला उठायचं होतं. खरं सांगते, पाय उचललेच गेले नाहीत. मी खाटेची कड दोन्ही हातांनी धरून छताच्या एका कोपऱ्याकडे बघत राहिले. तो कोपरा जागचा हलला नाही.

थांबलं. ट्यूबलाइट डुलत राहिली. माझ्या दातांचा आवाज मलाच ऐकू येत होता.

मग दारात सावली पडली. जेठीआजी. हातात गोधडीत गुंडाळलेलं बाळ. त्यांनी छताकडे पाहिलं नाही, भिंतींकडेही नाही. सरळ माझ्या खाटेपाशी आल्या.

"सरक जराशी," त्या म्हणाल्या, आणि बाळाला माझ्या कुशीत ठेवलं.